पंचेचाळीस किलोचा हिमासुर

मंगरू धुर्वे हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत एकवीस वेळा मेला, आणि एकवीसही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे चहाला आला.

कारण साधं आहे. मंगरू सहा फूट तीन इंच. सेलूहून हिंगणीच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं, आणि त्या गावात मंगरूपेक्षा उंच फक्त विजेचे खांब. दिवाळी झाली की आमच्याकडे दंडार उभी राहायची. दंडार म्हणजे गावचं नाटक. नट गावचे, पडदा गावचा, आणि चुका काढायलाही समोर गावच बसलेलं. आता नाटक म्हटलं की राक्षस आला, राक्षस म्हटलं की मंगरू आला, आणि मंगरू आला की शेवटी त्याला मारणं आलं. बकासुर झाला, मेला. भस्मासुर झाला, स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून मेला. भीम असायचा प्रेमदास शिंपी, उंची टोपीसकट पाच फूट. त्याची गदा मंगरूच्या छातीच्या वर पोचायची नाही, म्हणून मंगरू बिचारा आधी गुडघ्यावर बसायचा, मान पुढे करायचा, आणि मग मरायचा. मारणाऱ्याची सोय मरणाऱ्यानं पाहायची, अशी आमची दंडार.

कुंभकर्णाच्या साली तर कहर झाला. मंगरू जंगलखात्यात रोजीवर. त्या दिवशी वणवा अडवायच्या पट्टीवरचं गवत दिवसभर कापून आला होता. कुंभकर्ण निजलेला दाखवायचा, तर हा खराच निजला. ढोल वाजले, ताशे वाजले, लंकेची चार माणसं त्याच्या पोटावरून चालत गेली. ह्याचं घोरणं ढोलाच्या ठेक्यात. शेवटी त्याची बायको सुंदरा बायांमधून उठली, मंचावर चढली आणि कान धरून म्हणाली, "उठा जी. मरून घ्या अन् घरी चाला." त्या वर्षी सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

एवढा मोठा माणूस, पण आवाज पाखराचा. माशी मारायची तरी दोनदा विचार करणार. एकदा बोरच्या जंगलात रोपं लावताना समोर पट्टेवाला वाघ आला. बाकीचे मजूर झाडावर. मंगरूला झाड पेलणार नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला. वाघानं त्याला खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं आणि बाजूनं निघून गेला. मी विचारलं, तू काय केलंस? म्हणे, "का करतो गा, रस्ता देल्ला."

मग मोबाइल आले आणि दंडार बसली. एकदा असेच आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. मंगरू स्वतःहून दोन वाक्यं सलग बोलत नाही, त्या दिवशी बोलला. "नानाजी, साऱ्या जिंदगीत मले कोणी शेवटपर्यंत राहू नाई देल्लं. एकडाव तरी पडदा पडेतोवर जित्ता राहावं वाटते." मी हसलो. तो हसला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गडी खरं बोलून राहिला आहे.

ह्या गोष्टीला चारपाच वर्षं झाली असतील, आणि दोन सालांमागं श्रावणात पिपरी मेघेचा रोशन आमच्या गावात कॅमेरा घेऊन उतरला.

रोशन लग्नाचे व्हिडिओ काढतो. श्रावणात मुहूर्त नसतात, कॅमेरा रिकामा आणि डोकंही रिकामं. त्यात त्याला पिक्चर सुचला. नाव 'हिमासुर'. वर्ध्याची चार कॉलेजची पोरं हिमालय चढायला जातात, तिथं बर्फातून एक भूत उठतं आणि त्यांना एकेक करून खातं. मी म्हटलं, बाबू, इथं खरा वाघ आहे, तो फुकट मिळते, हिमालयातला कशाला? तो म्हणाला, आजोबा, वाघ कॅमेऱ्याकडे पाहत नाई.

हिमालय म्हणजे आमची बंद पडलेली गिट्टीखदान. तिथं दगडाच्या चुरीचे दोन मोठे ढीग आहेत, एक एव्हरेस्ट झाला आणि एक दुसरा. बर्फ कशाचा करायचा ह्यावर गावात दोन दिवस चर्चा झाली. सगळे म्हणाले, वर्धा जिल्ह्यात येऊन बर्फासाठी रडतो का? कापूस आहे. पण श्रावणात कापूस कुठला, झाडं गुडघ्याएवढी. चुना टाकला तर नटांचे डोळे जातील. शेवटी सेलूहून मुरमुऱ्यांची आठ पोती आली. एव्हरेस्टवर पसरली. काय देखावा दिसला म्हणून सांगू, डोळे दिपले. अर्ध्या तासात गावच्या बकऱ्यांना बातमी लागली. दुपारपर्यंत हिमालय उत्तरेकडून निम्मा खाल्ला गेला होता. मग रोज सकाळी बर्फ टाकायचा आणि दिवसभर बकऱ्या हाकायच्या. चित्र पुरं झालं तरी एक काळी बोकडी शिखरावर शांतपणे चरताना दिसते, ती काही निघाली नाही.

थंडीत तोंडातून वाफ निघते, तीही पाहिजे होती. रोशननं तोड काढली. बोलायच्या आधी प्रत्येकानं विडीचा एक झुरका मारायचा, धूर तोंडात धरायचा आणि वाक्याबरोबर सोडायचा. "वो देखो, हिमासुर" असं म्हणता म्हणता एक गिर्यारोहक पाच मिनिटं खोकलला. हिरोइन म्हणजे रोशनची मावसबहीण अंकिता, बोरगाव मेघेची, नर्सिंगला आहे. ती म्हणाली मी विडी ओढणार नाही, मी फुप्फुसं शिकते आहे. मग तिच्या तोंडाखाली, कॅमेऱ्यात येणार नाही असं, उदाचं ताटलं धरलं. पिक्चरमध्ये तिचा श्वास सगळ्यात पवित्र दिसतो. आणि श्रावणातल्या त्या उकाड्यात दोन-दोन स्वेटर घालून पोरांना घामोळ्या इतक्या आल्या, की भीतीनं थरथरायचा प्रसंग कोणाला शिकवावा लागला नाही. नुसतं खाजवू नका एवढंच सांगावं लागलं.

मलाही काम होतं. रोशन म्हणाला, तुम्ही बौद्ध आहात, तुम्ही लामा व्हा. मी म्हटलं, बाबू, आमचं बुद्धविहार चौकात आहे, तिबेटात नाही. पण झालो. मंत्र म्हणायचा होता. आपलं त्रिसरण मी असल्या तमाशात म्हणणार नव्हतो. मग डोळे मिटून, गुरुजींनी छडीनं पाठ करून घेतलेली औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोगऱ्या आवाजात सुरू केला. बे औटे सात, तीन औटे साडेदहा. रोशनच्या अंगावर काटा आला. मला म्हणाला, हे पाली आहे का?

पण मी मंगरूचं सांगत होतो.

भूत कोणाला करायचं हे रोशनला विचारावंच लागलं नाही. गावात शिरताच त्याला मंगरू दिसला आणि त्यानं गाडीच थांबवली. मंगरू आधी नाही म्हणाला. मग माझ्यासमोर एकच अट घातली: मी मरत असन तं मी नाई. रोशन मोठा गोड पोरगा. म्हणाला, "काका, तुमच्या नावाचा पिक्चर हाये. हिरो मरते का कधी?" आता ह्यात हो कुठं आहे आणि नाही कुठं आहे, ते वकिलानं शोधावं. मंगरूनं त्याचा हो घेतला.

पोशाख शिवला प्रेमदासनं. तोच आमचा भीम. युरियाची पांढरी पोती उभी चिरून त्याच्या झिरमिळ्या केल्या आणि जुन्या दुलईच्या खोळीवर शिवल्या. डोक्याला बांबूची टोपली, तिच्यावर तीच केसं, आणि पाण्याच्या पांढऱ्या पाइपाचे दात. लांबून खरंच भेसूर दिसायचं. जवळून मात्र एक भानगड होती. एक पोतं चिरायचं राहिलं आणि ते नेमकं मागच्या बाजूला लागलं. त्यामुळे हिमासुर पाठ फिरवून निघाला की त्याच्या ढुंगणावर स्पष्ट वाचता यायचं: निव्वळ वजन ४५ किलो. आत मंगरू नव्वदचा.

बारा दिवस मंगरू त्या टोपलीत घामानं न्हायला. ओरडायचं होतं, तर त्याच्या त्या पाखराच्या आवाजानं अंकिताला हसू फुटायचं. शेवटी ओरडणं नंतर भरू असं ठरलं. पण चालणं असं चालला की मलाच शिखराच्या पायथ्याशी क्षणभर वाटलं, हा आपला मंगरू नाही. संध्याकाळी टोपली काढून मला विचारायचा, आज आपण किती जण खाल्ले? आणि लहान पोरासारखा खूश व्हायचा. रोज न चुकता एकदा म्हणायचा, "अजून जित्ता हाओ, नानाजी."

पोळ्याच्या दिवशी दुपारी पाऊस आला. सगळे ताडपत्रीखाली बसले. अंकिता पोरगी मनानं चांगली, ती मंगरूला कागदांनी वारा घालत होती. वारा घालता घालता म्हणाली, काका, सूट भिजवू नका, उद्या तुम्हाला जाळायचं आहे ना, ओला पेटणार नाही.

मंगरू उठला. टोपली काढली, तिच्या मांडीवर ठेवली, पोशाख उतरवला आणि पावसातून सरळ घरी गेला.

संध्याकाळी बैलांच्या तोरणाखाली सगळं गाव जमलेलं, आणि हा माझ्या ओट्यावर. सुंदरावहिनी मागून आली. म्हणाली, "एकवीस डाव मेले, अजून एकडाव मेले तं का होते? सवय हाये ना तुमाले." मंगरू म्हणाला, मोजाले तू, मराले मी. आणि उद्या मी जाणार नाही, असं भिंतीकडे पाहून सांगून टाकलं. वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, भाऊजी, तुम्ही त्या पोराशी बोला, हे दोन दिवस जेवणार नाहीत. मी बोललो. रोशन म्हणाला, आजोबा, भूत मेलं नाही तर पिक्चर संपला हे लोकांना कळणार कसं? बत्ती लागली की पिक्चर संपला, एवढंच मला ठाऊक.

आता दुसऱ्या दिवशीचं ऐका. ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांना सांगतो. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी फटफटताच घराघरांतून पळसाच्या डहाळ्या, केरकचरा काढतात. कागदाची, चिंध्यांची मोठी बाहुली, ती मारबत, आणि तसाच तिचा गडी, तो बडग्या. त्यांना बांबूवर धरून गावाच्या शिवेबाहेर नेतात, वाटेनं ओरडतात आणि तिथं पेटवून देतात. घरातला रोग, खोकला, डास म्हणजे आमच्याकडचे मोंगसे, जे नको ते सगळं त्यांच्या डोक्यावर लादून.

इकडे आदल्या संध्याकाळी प्रेमदासनं काय केलं? पोशाख ओला. सुकताना आकसू नये म्हणून त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, ठासून भरलं, आडव्या-उभ्या बांबूवर चढवला, वर टोपली बसवली आणि गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकवून ठेवला. आणि पोळ्याचा पाहुणचार घेऊन गाढ झोपला.

करीच्या सकाळी, पुरतं उजाडायच्या आधीच, मिरवणूक त्या गल्लीत आली. मारबत होती, पण यंदाचा बडग्या पावसात विरघळलेला. आणि समोर पाहतात तर आठ फुटी बडग्या तयार उभा. दात काय, केसं काय. कोणी केला रे, म्हणून सगळ्यांनी तारीफ केली आणि उचलला. मी काठी टेकत मागं होतो. पुढं बांबू कोणाच्या खांद्यावर होता, तर मंगरूच्या. नंतर मी त्याला विचारलं, अरे, बारा दिवस अंगात घातलेला, तुला ओळखू नाही आला? तो गंभीरपणे म्हणाला, "मी तं त्याले आतूनच पाह्यलं होतं."

रोशन आवाजानं उठला आणि कॅमेरा घेऊन धावला. काय संस्कृती, काय संस्कृती, असं म्हणत त्यानं सगळी मिरवणूक घेतली. शिवेवर बडग्या उभा केला, पेटवला, आणि गाव एका गळ्यानं ओरडलं: "ईडा-पिडा, खोकला-खासी, माशा-मोंगसा घेऊन जाऽऽ गे मारबत!" रोशननं ज्वाळा जवळून घेतल्या. टोपली पेटली, पाइपाचे दात वितळून गळू लागले, आणि मग आगीच्या उजेडात त्याला मागच्या बाजूचे पंचेचाळीस किलो वाचता आले.

त्यानं कपाळावर हात मारला आणि मातीत बसला. प्रेमदास तोवर आला होता. तो ओरडला की माझे शिवणाचे नऊ दिवस गेले. मंगरू मात्र ताठ उभा होता. एवढा ताठ मी त्याला कधी पाहिला नव्हता, एरवी दारं-चौकटींच्या धाकानं तो वाकलेलाच असतो. पोशाख नाही तर मरण नाही, एवढा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

आणि तेवढ्यात रोशन उठला. त्यानं कॅमेऱ्यात मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, अरे, काम झालं. गावानं भुताला पकडलं, शिवेवर नेलं आणि जाळलं. दोनशे माणसं, खरी आग. एवढं तर मी लाख रुपयांतही केलं नसतं. हिमासुर मेला.

मंगरूचे खांदे पुन्हा खाली आले. बाविसावं मरण, आणि तेही त्याच्यावाचून, वर बांबू त्याच्याच खांद्यावर. माणसं घराकडे वळायला लागली. मी म्हटलं चल, चहा घे. तो हलला नाही. आगीकडे पाहत राहिला, आणि मग त्या पाखराच्या आवाजात रोशनला हाक मारली.

"बाबू, गाव का म्हणून राह्यलं होतं?"

"म्हणजे?"

"आरडून का राह्यले होते लोकं?"

"घेऊन जा मारबत."

"हाव ना. 'मर' कोणी म्हणलं का?" मंगरू म्हणाला. "मेलेल्याले कोणी 'घेऊन जा' म्हणते का गा? 'जा' म्हणलं म्हणजे त्याले पाय हायेत. गावाची खासी, ताप, मोंगसे, सारं डोक्शावर घेऊन तो चालला. मेला असता तं हे उचललं असतं कोणं?"

सगळे थांबले. मी सत्तरी ओलांडली, दरवर्षी ते ओरडतो, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. म्हातारी जिजाबाई म्हणाली, बरोबर बोलते, माझी सासूही सांगे की मारबत जाते, मरत नाही. रोशन डोकं खाजवू लागला. म्हणाला, ठीक आहे काका, तो जातो. पण जाताना दाखवू कोणाला? सूटची तर राख झाली.

मंगरूनं खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला. बाजूला केरकचऱ्याचं एक रिकामं पोतं पडलं होतं, ते पाठीवर घेतलं. म्हणाला, "मी हाओ ना."

रोशन म्हणाला, लोक विचारतील, भूत जळलं आणि हा म्हातारा कुठून आला? तेव्हा अंकिता बोलली, आणि तिचे सगळे गुन्हे मी माफ केले. म्हणाली, "दादा, लामा पाढे म्हणते, एव्हरेस्टवर बोकडी चरते, तवा नाई विचारलं लोकायनं. आता काऊन विचारतीन?"

आणि रोशननं ते घेतलं. धुराच्या मागून मंगरू येतो, सहा फूट तीन इंच, धोतर, दुपट्टा, टायरच्या चपला. पाठीवर पोतं असं धरलं आहे की खरंच त्यात साऱ्या गावाचा ताप भरला असावा. एकदा मागे वळून गावाकडे पाहतो. मग शिवेपलीकडे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांमधून चालत जातो, लहान लहान होत जातो. तिथं रोशननं 'समाप्त' लिहिलं.

दिवाळीनंतर सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर पांढरी चादर लावून पिक्चर दाखवला. दिवस मावळताच गाव जमलं, सेलूहूनही माणसं आली. भीती कोणाला वाटली नाही, पण मजा सगळ्यांना आली. बोकडी दिसली की तिच्या मालकाच्या नावानं ओरडायचे. मी औटकी म्हणायला लागलो तर मागच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी चार औटे चौदापासून पुढं माझ्याबरोबर म्हटली. हिमासुर पाठमोरा झाला की पोरं एका सुरात वजन वाचायची. जाळायचा प्रसंग आला तेव्हा प्रत्येक जण पडद्यावर स्वतःला शोधत होता, त्यामुळे कोण जळतं आहे इकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

मग धुरातून मंगरू निघाला.

आधी कोण बोललं, ते आठवत नाही. कोणीतरी म्हणालं, मंगरूभाऊ, माझी गुडघेदुखी घेऊन जाजो. दुसरा म्हणाला, रानडुकरं घेऊन जाजो गा, सारी तूर खाल्ली. एक सून म्हणाली, सासूचं तोंड घेऊन जा, आणि तिची सासू शेजारीच बसली होती, ती म्हणाली, हिचा मोबाइल घेऊन जा. प्रेमदास उठून उभा राहिला, मला वाटलं तो पोशाखाचं काढणार. पण म्हणाला, "मंगरू, गदेचं मनात नको धरू गा." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. पडद्यावर मंगरू चालतो आहे, थांबत नाही, मरत नाही, पऱ्हाटीच्या पलीकडे बोटाएवढा झाला तरी चालतोच आहे.

खरा मंगरू माझ्या बाजूला बसला होता. उंचीमुळे मागच्यांना दिसत नाही म्हणून त्याला नेहमी सगळ्यांच्या मागे बसवतात. त्याच्याकडे पाहायचा मला धीर होत नव्हता.

पुढून सुंदरावहिनी उठली, दोन्ही हात तोंडाशी नेऊन पडद्याकडे ओरडली, "जाऊन राह्यले तं येतानी सेलूहून तूरडाळ आणजा."

सारं आवार हसून कोसळलं. आणि माझ्या कानाशी तो पाखराचा आवाज आला, पडद्यावरचा मंगरू दिसेनासा होत होता त्याच वेळी:

"किती आणू व?"